खंडाचा दंड

पुन्ता अरेनासला जूनमध्ये दहाला उजाडतं
आणि साडेपाचला मिटतं.
मधल्या वेळात वारा,
प्रयोगशाळेच्या पत्र्यावरून कुणी
वाळूचं पोतं ओढत न्यावं तसा.

पडद्यावर दोन मासे आहेत.
मासे म्हणजे त्यांची अक्षरं.
चारच, बाराखडीचा पहिला घाससुद्धा नाही,
तीच फिरून फिरून, मैलोन्‌मैल.
वरच्या ओळीत लाल रक्ताचा मासा.
खालच्या ओळीत तो दुसरा,
दक्षिणेच्या बर्फाखाली
पाण्यासारखं रक्त घेऊन हिंडणारा,
आणि तरी जिवंत.

रात्रीचा पहारेकरी नीबाल्दो
किटली ठेवता ठेवता विचारतो,
"मग याचा लाल रंग गेला कुठं?"
तेच शोधतेय, म्हणते मी.
तो मान हलवतो. त्याला वाटतं
मी कुणाची तरी चोरी पकडणार आहे.

ओळीखाली ओळ लावायची.
अक्षर जुळलं, पाच गुण.
नाही जुळलं, वजा चार.
आणि एकाकडे जे आहे ते दुसऱ्याकडे नाहीच,
तिथे आडवी रेघ.
रेघ फुकट मिळत नाही.
फुकट मिळाली तर कुणाचंही कुणाशी जुळेल,
माशाचं गव्हाशी,
माझं या किटलीशी.
म्हणून खंडाला दंड:
पहिल्या रेघेला दहा,
तिच्या पुढच्या प्रत्येक रेघेला अर्धा.

हे दोन आकडे मी सोळा वर्षं भरतेय
दात घासावेत तसे.
आज बोट कळीवरच राहिलं.

उघडायला दहा.
वाढवायला अर्धा.

रुदेसिंदो सामुद्रधुनीच्या पलीकडे राहतो,
पोर्वेनीरला, फेरीबोटीने दोन तास.
खेकड्यांचे पिंजरे टाकतो.
वडिलांची होडी त्याने विकली
आणि मला शेजारणीकडून कळलं.
तो पहिला दिवस फार महाग पडला.
घास उतरेना. फोन उचलायचा,
उलटा करून ठेवायचा.
नंतरचे दिवस मात्र
सुट्ट्या नाण्यांसारखे गेले,
फाटक्या खिशातून एकेक.

नऊ वर्षं. तीन हजार दोनशे सत्त्याऐंशी दिवस.
सवयच आहे, मी हिशेब केला:
सोळाशे त्रेपन्न.
अर्ध्या अर्ध्याने एवढे होतात.

यंत्र पहाटे थांबलं.
आता शेवटच्या घरातून उलटं चालत यायचं,
प्रत्येक घराने लिहून ठेवलेलं असतं
आपण कुठून आलो.
खालच्या ओळीत रेघा, रेघा, रेघा,
एक अख्खं जनुक पुसलेलं,
पडदा सरकवत राहिले, रेघाच.
आणि मग अचानक
शेजारच्या जनुकाचा एक तुकडा.
शेपटाकडचा. थोटा.
त्यातून काही बनत नाही.
रक्ताचा एक थेंबही लाल होत नाही.
पण वरच्या ओळीखाली तो असा बसला
की नीबाल्दोलाही दिसलं.
"म्हणजे होतं," तो म्हणाला.
होतं.

वाऱ्यामुळे नऊची फेरीबोट रद्द झाली.
बरंच झालं, मी एवढी शूर नाही.
फोनवर लिहिलं:
बाबांच्या होडीचा रंग कुठला होता?
दहा गुण कापले गेले असतील तर कापले.

दुपारी, उजेड मावळायच्या बेतात असताना
उत्तर आलं, खुशाली नाही, काही नाही.
"निळा. मग हिरवा. मग परत निळा."

मला ती लाल आठवते.
तळाशी तरी लाल, शपथेवर सांगते.

नाही जुळलं.
वजा चार.
पण अक्षराखाली अक्षर आलं.